टेबल सॉसाठी वेगळा मायटर गेज घ्यायचाय. कोणता घ्यावा?

सागवेडा
मंडळी, मी साताऱ्याचा. नोकरी टेबलावरची, बाकीचा वेळ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जातो. १० इंची जॉबसाइट टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडची, उचलून नेता येणारी करवत) आहे. लांब पट्ट्या चिरायला मशीन झकास आहे, तक्रार नाही. आडवा कट घ्यायची वेळ आली की मात्र सोबत आलेला मायटर गेज (लाकूड हव्या त्या कोनात धरून ब्लेडकडे ढकलायचं साधन) डोकं फिरवतो. खालची पट्टी टेबलाच्या खाचेत डुलते, कोनाच्या रेघा एवढ्या जाड की ४५ वर लावला तरी नक्की किती लागला ते देवालाच ठाऊक. पुढची फळी जेमतेम वीतभर.

पुढची कामं अशी: घरच्यांसाठी सागवानी फोटोफ्रेमा आणि दिवाळीपर्यंत एक अष्टकोनी लाकडी आकाशकंदील.

डोक्यात चार पर्याय आहेत. इन्क्रा १०००एचडी, क्रेगचा गेज, ऑनलाइन मिळतो तो कोन लावायच्या २७ खाचांचा चिनी गेज, किंवा काहीच न घेता स्लेड, म्हणजे लाकडासकट टेबलावर सरकणारा पाट, बनवणे. पहिला घ्यायचा तर त्या पैशात एखादं छोटं मशीन येईल, म्हणून विचारतोय. वापरलेल्यांनी सांगा.

बीडाचा_टेबल
ऑर्डर करण्याआधी व्हर्निअर (बारीक मापाचा कॅलिपर) घ्या आणि टेबलाची खाच मोजा. परदेशी गेजच्या पट्ट्या पाऊण इंच रुंद आणि तीन अष्टमांश खोल खाचेसाठी असतात, म्हणजे १९.०५ बाय साधारण ९.५ मिमी. बऱ्याच छोट्या मशीनची खाच या मापाची नसते. तसं असेल तर जगातला सगळ्यात महाग गेजही तुमच्याकडे बसणार नाही. पुढे, मधे, मागे अशा तीन ठिकाणी मोजा. माझी वर्कशॉप कुपवाडला आहे, असे गेज घेऊन येणारे लोक बघितलेत. पट्टी घासून बारीक करून मागतात. बारीक करता येते, रुंद नाही करता येत.

मी_सुतार_नाही
वाचतोय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

कराडचा_रंधा
काही घेऊ नका. स्लेड करा. बारा मिमीचा चांगला प्लाय, खाली दोन्ही खाचांत बसणारे रनर, मागे सरळ जाड फळी, पुढे दोन्ही भाग धरून ठेवायला दुसरी. एक रविवार आणि उरलेलं सामान. गेज एका खाचेत चालतो, स्लेड दोन खाचांत, त्यामुळे डुलायचा प्रश्नच येत नाही. शिवाय लाकूड टेबलावर घसटत नाही, सगळा तळच सरकतो. माझ्याकडे मशीनसोबत आलेला गेज अजून पिशवीतून काढलेला नाही.

कोयनाकाठ
@कराडचा_रंधा, नव्वदचा कट असेल तर मान्य. अष्टकोनाच्या बावीस पूर्णांक पाच अंशांसाठी काय करणार? प्रत्येक कोनाला वेगळा स्लेड? शेडमध्ये माणूस उभा राहायला जागा नाही उरणार.

कराडचा_रंधा
भिंतीवर टांगतो. पाच आहेत. बायको म्हणते प्रदर्शन लाव. :)

सागवेडा
मोजलं. खाच तिन्ही ठिकाणी १९.१, खोली ९.६. म्हणजे मापाची आहे. माझ्या गेजची पट्टी १८.७.

बीडाचा_टेबल
मग चार दशांश मिमीची ढिलाई आहे. तीनशे मिमी लांबीची पट्टी पूर्ण खाचेत असेल तर त्याने कोन ०.०८ अंशाच्या आत-बाहेर हलतो, फार नाही. पण रुंद फळी कापताना सुरुवातीला गेज तुमच्याकडे ओढलेला असतो आणि अर्धी पट्टी टेबलाबाहेर लोंबत असते. तेव्हा हाच आकडा दुप्पट. कट सुरू होताना एक कोन आणि संपताना दुसरा, म्हणून तुमचा कट किंचित वाकडा येत असणार.

फुकटचा इलाज म्हणजे पट्टीच्या कडेला सेंटर पंचाने थोड्या थोड्या अंतरावर टोचे मारा. धातू बाजूला फुगतो आणि ढिलाई जाते. जास्त झालं तर बारीक कानस फिरवा.

नट_बोल्ट_वॉशर
थांबा, जॉबसाइट मशीनचा टॉप बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो. स्टीलच्या पट्टीवर टोचे मारले तर ते टोचे खाच खातील. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) टेबलावर हा उपाय चालतो, ॲल्युमिनियमवर मी करणार नाही. त्यापेक्षा पट्टीत बाजूने दोन-तीन भोकं पाडून टॅप मारा (आत आटे पाडा) आणि नायलॉनच्या टोकाचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) घाला. पाना फिरवून पाहिजे तेवढं घट्ट करता येतं. महाग गेजमध्ये तेच तर आहे. क्रेगच्या पट्टीत असेच स्क्रू आहेत, इन्क्राच्या पट्टीत फुगणाऱ्या चकत्या आहेत.

बीडाचा_टेबल
बरोबर आहे तुमचं. माझ्या नजरेसमोर माझंच टेबल होतं.

पटाशी_आणि_चहा
आवो, आमच्या गावाकडं मिस्त्री ४५ चा कट हातकरवतीनं मारतोय, डोळा बारीक करून. फट राहिली की भुसा आणि फेविकॉल. वर पॉलिश. गिऱ्हाईक खुश, मिस्त्री खुश. तुम्ही शून्य पॉइंट शून्य आठ काय घिऊन बसलाय राव!

गणिताची_बाई
@पटाशी_आणि_चहा, भुसा किती लागेल त्याचं गणित करून देते.

चौकोनी फ्रेमला चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात दोन कट, म्हणजे आठ कट. गेज फक्त एक दशांश अंशाने चुकीचा लागला असेल तर आठही कट एकाच दिशेने चुकतात आणि एकूण चूक ०.८ अंश होते. तीन कोपरे घट्ट बसवलेत तर सगळी चूक चौथ्या कोपऱ्यात येऊन बसते. पट्टी ५० मिमी रुंद असेल तर तिरक्या कटाची लांबी ७१ मिमीच्या आसपास आणि तिथे फट जवळजवळ एक मिमी. गेज अर्ध्या अंशाने चुकला असेल तर पाच मिमी. तेवढ्या फटीत तुमचं करंगळीचं नख जाईल.

अष्टकोनाला सोळा कट. तिथे एक दशांश अंशाचे १.६ अंश होतात.

म्हणून जाड रेघांवर डोळ्यांनी कोन लावण्यापेक्षा खटकन खाचेत बसणारा गेज बरा. आणि समोरासमोरच्या पट्ट्यांची लांबी तंतोतंत सारखी हवी, हे लोक विसरतात. कोन बरोबर असूनही लांबीत फरक असेल तर फट येतेच. त्यासाठी स्टॉप, म्हणजे लाकडाचं टोक टेकवायचा अडसर, पाहिजे.

पटाशी_आणि_चहा
बाई, शाळेत असतानाच तुमचा धाक होता. :D

मिरजेचा_तून
थोडं अवांतर. आमच्या गल्लीत सतारमेकर आहेत. तंबोऱ्याचा भोपळा, वर तुनाच्या लाकडाची तबली, गळा, दांडी. अख्ख्या वाद्यात काटकोन शोधून सापडणार नाही. भोपळा प्रत्येक वेगळा, म्हणून प्रत्येक तबली त्याच्यावर ठेवून, घासून, परत ठेवून बसवायची. त्यांना कोणी मायटर गेज भेट दिला तर ते त्याचा पेपरवेट करतील. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, ते या हातांना मिळालं. एकाला विचारलं होतं की माप कुठे लिहून ठेवता. म्हणाला, माप कशाला, जोड बोलतो की.

हळदगाव
सतारमेकर एकावर एक बसवून जुळवतात, फ्रेमवाल्याला चार सुटे तुकडे आधी कापायचे असतात. काम वेगळं आहे. पण वाचायला आवडलं.

चिनी गेजबद्दल. मी सांगलीत लहान मुलांची लाकडी खेळणी आणि कोडी करते, तो गेज बराच वापरलाय. ॲल्युमिनियमची फळी लांब आहे, वर उलटणारा स्टॉप आहे, खाचा प्रत्येक पाच अंशाला आणि शिवाय दोन्ही बाजूंना साडेबावीसला. या सोयींसाठी पैसे वसूल. पण पेटीतून काढून लगेच फ्रेम कापायला घेऊ नका. माझ्याकडे आला तेव्हा शून्याची खाच शून्यावर नव्हती. फळी धरणारे स्क्रू सैल करून ती ब्लेडशी नव्वदात आणली, त्यानंतर बाकीच्या खाचा एकमेकींच्या तुलनेत बऱ्यापैकी खऱ्या निघाल्या. उलटणारा स्टॉप थोडा लचकतो. मी तो टेकवते आणि मागे लाकडाचा ठोकळा क्लॅम्प करते. फळीवरची चिकटपट्टीची मोजपट्टी शोभेची समजा.

सागवेडा
@हळदगाव, फळी नव्वदात आणली म्हणजे गुण्या लावून?

हळदगाव
सुरुवात गुण्याने. पण गुण्याच खरा आहे का हे आधी बघा: सरळ कडेवर ठेवून रेघ मारा, उलटा करून त्याच जागी परत रेघ मारा. दोन्ही रेघा एक झाल्या तर गुण्या चांगला.

नंतर पाच कटांची पद्धत. साधारण चौकोनी एमडीएफ घ्या. एक बाजू कापा. कापलेली बाजू फळीला टेकवून पुढची कापा. अशा चारी बाजू. मग पहिली बाजू परत एकदा कापा, पण या वेळी बोटभर रुंदीची पट्टी सुटी निघू द्या. त्या पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना व्हर्निअरने मोजा. फरकाला चारने भागलं की एका कटाची चूक. माझी पट्टी साधारण ३५० मिमी लांब आणि फरक ०.७ मिमी होता, म्हणजे एका कटाला ३५० मध्ये ०.१७५. मीटरला अर्धा मिमी. खेळण्यांना पुरे.

गणिताची_बाई
०.०३ अंशाच्या आत. फ्रेमलाही पुरे.

आडवा_छेद
गेज-गेज करताय, ब्लेड कोणतं आहे ते कोणीच विचारलं नाही. मशीनसोबतचं २४ दाती ब्लेड लांब चिरण्यासाठी असतं. आडवा कट त्याने घेतला तर कडा फाटणार आणि जोड कधीच स्वच्छ बसणार नाही, गेज सोन्याचा असला तरी. ६० किंवा ८० दाती लावा. ब्लेडजवळची फट बंद करायला झिरो क्लिअरन्सची पट्टी करा. मग ठरवा गेजचा दोष किती.

सागवेडा
२४ दातीच आहे. ६० ची ऑर्डर दिली.

नवा_मेंबर_४१५
एक सोपी युक्ती सांगतो. लांबी सारखी यावी म्हणून मी रिप फेन्स (ब्लेडला समांतर असलेली, लांब चिरायची आडपट्टी) पाहिजे त्या मापावर लावतो आणि मायटर गेजने लाकूड त्याला टेकवून कापतो. स्टॉपची गरजच नाही.

बीडाचा_टेबल
हे करू नका. कोणीच करू नका. तुटलेला तुकडा ब्लेड आणि फेन्स यांच्यामध्ये अडकतो, किंचित तिरका झाला की ब्लेड त्याला उचलून थेट तुमच्याकडे फेकतं. फेन्स मापासाठी वापरायचाच असेल तर ब्लेडच्या बरंच अलीकडे त्याला एक ठोकळा क्लॅम्प करा. लाकूड त्या ठोकळ्याला टेकवून माप घ्या. कट सुरू होईपर्यंत लाकूड ठोकळ्यापासून सुटलेलं असतं आणि तुकड्याला मोकळी जागा मिळते.

आडवा_छेद
+१. मॉडरेटर, वरची युक्ती लाल अक्षरांत करा किंवा उडवा.

नवा_मेंबर_४१५
आजवर काही झालं नव्हतं म्हणून लिहिलं. ठोकळा लावतो.

कराडचा_रंधा
फ्रेमांसाठी एक गोष्ट राहिलीच. ४५ अचूक लागायची गरजच नाही. स्लेडवर दोन फळ्या एकमेकींशी अचूक नव्वदात लावा, बाणाच्या टोकासारख्या, मधून ब्लेड. कोपऱ्यातला एक तुकडा डाव्या फळीवर कापायचा, त्याचा जोडीदार उजव्या. डावीकडे ४४.८ कापलं गेलं तर उजवीकडे ४५.२ होतं, बेरीज नव्वदच. कोणताही गेज हे देत नाही, तो १०००एचडी असला तरी. फ्रेम करायची तर हाच स्लेड.

कोयनाकाठ
हे मात्र मानलं. माझ्याकडे क्रेगचा आहे आणि तरी फ्रेमा मी अशाच स्लेडवर करतो. त्याला खटकन बसणाऱ्या जागा कमी आहेत: ०, १०, २२.५, ३० आणि ४५. बाकी कोन व्हर्निअर स्केलवर दशांशापर्यंत लावायचे. खरं सांगायचं तर या पाचांपलीकडचं मला क्वचित लागतं. षटकोनाला ३०, अष्टकोनाला २२.५. फळी दोन फूट आणि स्टॉप घट्ट, डुलत नाही. १०००एचडीला खाचा कितीतरी जास्त आहेत आणि फळी बाहेर ओढून लांब होते. वस्तू देखणी. पण सतराचा कोन कोणाला कापायचाय?

नट_बोल्ट_वॉशर
पंचकोनाला ३६ लागतो. खाचा असतील तर खटकन बसतो, नाहीतर व्हर्निअर. एवढाच फरक.

पावसाळी_पाडळी
स्लेडवाल्यांना एक प्रश्न. आमच्याकडे कोयनेच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवेतच पाणी. लाकडी रनर फुगून खाचेत अडकतात, उन्हाळ्यात परत सैल. तुमचं काय होतं?

कराडचा_रंधा
रनर सागवानी घ्या, सागवान कमी हलतं. त्यातही पट्टी अशी कापा की वर्तुळांच्या रेघा उभ्या येतील, म्हणजे रुंदीत हालचाल आणखी कमी. मेण चोळा. तरी पावसाळ्यात दशांश-दोन दशांश मिमी फरक पडतोच. वैताग आला तर भाजी कापायच्या जाड पांढऱ्या प्लॅस्टिक पाटाच्या पट्ट्या कापून रनर करा, पाण्याने काही होत नाही.

बीडाचा_टेबल
नाहीतर स्टीलची करून घ्या. २० बाय १० ची ब्राइट बार आमच्याकडे कोणत्याही दुकानात मिळते. सरफेस ग्राइंडिंगवाल्याला खाचेचं माप द्या आणि त्यापेक्षा पॉइंट झिरो फाइव्ह कमी ठेवायला सांगा. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत असं काम करणारे आहेत, पण एका तुकड्यासाठी गेलात तर चहा पाजावा लागेल. सागवेडा, तुमच्या जुन्या गेजचं डोकं धड असेल तर नुसती पट्टी बदलून आणि पुढे दीड फुटाची सरळ लाकडी फळी स्क्रूने लावूनही बरंच काम भागेल. फळीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, तिरक्या कटात लाकूड सरकतं ते थांबेल.

पटाशी_आणि_चहा
चहा सातारा एमआयडीसीत पाजायचा असंल तर सोबत कंदी पेढे न्या. कुपवाडला भडंग चालंल.

मिरजेचा_तून
कुपवाडला भडंग नेणं म्हणजे शेतकऱ्याला भाजी विकणं. पेढेच न्या.

गणिताची_बाई
आकाशकंदिलाबद्दल शंका आहे. @सागवेडा, कंदिलाच्या आठ उभ्या फळ्या एकमेकींना जोडायच्या आहेत की वर-खाली सपाट अष्टकोनी कडं करायचंय?

सागवेडा
दोन्ही. उभ्या आठ पट्ट्या, मधे बटर पेपर, वर आणि खाली कडं.

गणिताची_बाई
मग उभ्या पट्ट्यांसाठी मायटर गेजचा कोन लागतच नाही. तिथे ब्लेड साडेबावीसला झुकवायचं आणि पट्टी रिप फेन्सला लावून लांबीने चिरायची. गेज साडेबावीसला लागतो तो फक्त सपाट कड्यासाठी. निम्मा प्रश्न ब्लेडच्या झुकावाचा आहे आणि ते मशीनवरचं स्केल गेजइतकंच बेभरवशाचं असतं. डिजिटल अँगल गेज टेबलावर ठेवून शून्य करा, मग ब्लेडला चिकटवा.

हळदगाव
सपाट कड्याची सोय सांगते. आठही तुकडे एकदम चिकटवू नका. चार-चारचे दोन अर्धे करा. वाळल्यावर दोन्ही अर्ध्यांच्या उघड्या कडा एका रेषेत येतात का बघा, नसतील तर सपाट टेबलावर पॉलिश पेपर ठेवून घासा. मग दोन अर्धे जोडा. सोळा कटांमधली उरलेली चूक तिथे संपते.

सागवेडा
सगळ्यांचे आभार, डोकं बरंच साफ झालं. फ्रेमांसाठी बाणाच्या टोकाचा स्लेड या शनिवारी करतोय, सागवानी रनर घालून. कड्यासाठी २७ खाचांचा गेज मागवतो, साडेबावीस त्यात आहे. १०००एचडी सध्या राहू दे. जुन्या गेजला दीड फुटाची फळी आणि पॉलिश पेपर आजच लावला आणि नव्वदचा कट आत्ताच सुधारलाय. एक विचारायचं राहिलं: नवा गेज आल्यावर आधी त्याची पट्टी घट्ट करू की कोन तपासू?

नट_बोल्ट_वॉशर
दोन्हीच्या आधी ब्लेड खाचेला समांतर आहे का ते. ब्लेडच्या एका दातावर खूण करा, तो दात पुढे आणून खाचेपासून अंतर मोजा, ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या, परत मोजा. फरक असेल तर आधी ब्लेड सरळ करा, नाहीतर गेज कितीही लावा, ब्लेड लाकूड मागून खरवडत राहील. मग पट्टी. कोन सगळ्यात शेवटी, आणि हे सगळं प्लग काढून.

सागवेडा
प्लग काढलाय. पुढे ७६.४, मागे ७६.७.

नट_बोल्ट_वॉशर
तीन दशांश जास्त आहे. मशीनखालचे ट्रनियनचे (ब्लेडचा सांगाडा टेबलाला धरणाऱ्या भागाचे) बोल्ट किंचित सैल करून लाकडी हातोड्याने हळू ठोका. दशांशाच्या आत आणा. जॉबसाइट मशीनला काहींमध्ये हे बोल्ट मागच्या बाजूला असतात, मॅन्युअल बघा.